हरवलेला ‘अर्थ’



चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे चार वाटांचे गाव आहे. एक रस्ता नागपूरला जातो, एक चंद्रपूरला, एक वणीला आणि एक चिमूरला. आनंदवन पाहायला येणारे आणि ताडोब्याच्या जंगलाकडे निघालेले प्रवासी याच गावावरून जातात. त्यांत मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणारेही पुष्कळ असतात.

समजा, श्रावणातल्या एका संध्याकाळी तुमचा मामा अशाच मोटारसायकलवरून नागपूरहून तुमच्याकडे आला. वाटेत पावसाने त्याला झोडपून काढले. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, त्याला चिमूरला निघायचे आहे. पण गाडीचे काहीतरी बिघडले आहे. पुढचा दिवा पिवळट जळतो. इंडिकेटर लावला की त्याच तालावर पुढचा दिवा मंद-तेज होतो. ब्रेक दाबला की आणखी मंद होतो. हॉर्नचा घसा बसला आहे. मामा म्हणतो, “बॅटरी गेली वाटतं!”

पण सेल्फचे बटन दाबताच इंजिन एका झटक्यात सुरू होते! सेल्फ फिरवायला दिव्यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. थकलेल्या बॅटरीला ते जमले नसते. मग दिवा, इंडिकेटर, हॉर्न अशा तिघांना एकदमच आजार कसा झाला?

हा प्रश्न नुसता डोके खाजवण्याचा नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. पावसाळ्यात रस्त्यावर बसलेली गुरे, बिनदिव्याची बैलगाडी, आडवे पळणारे रानडुक्कर दोन सेकंद उशिरा दिसले, तर गाडी तोवर २८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून पहाटेपूर्वी हा रोग शोधायलाच हवा.

परतीची वाट

विजेरीत दोन सेल घालून दिवा लावताना तुम्ही पाहिलेच असेल की, सेलच्या एका टोकाला तार जोडून भागत नाही. प्रवाहाला एका टोकापासून निघून दिव्यातून दुसऱ्या टोकापर्यंत परत यावे लागते. हा फेरा पूर्ण झाला तरच दिवा लागतो. या फेऱ्यालाच आपण विद्युत-मंडल म्हणतो.

मग मोटारसायकलच्या प्रत्येक दिव्यासाठी दोन तारा बॅटरीपासून न्याव्या लागतील. पण गाडीचा सांगाडा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला चासी म्हणतात तो, लोखंडाचाच असतो आणि लोखंड हे सुवाहक आहे. तेव्हा बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला आणि इंजिनाला जोडायचे, दिव्याची एक बाजूही सांगाड्याला जोडायची, की परतीची निम्मी तार वाचली. या परतीच्या जोडणीला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात.

हे नाव तारायंत्राच्या काळापासून चालत आले आहे. १८३८ साली जर्मनीतील कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल याने दाखवून दिले की, तारायंत्राला परतीची तार लागतच नाही. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले की खुद्द पृथ्वीतूनच प्रवाह परत येतो. ‘अर्थ’ म्हणजे इंग्रजीत पृथ्वी. मोटारसायकल तर रबरी चाकांवर उभी असते. तिचा जमिनीशी विद्युत-संबंध नसतो. तिच्यापुरती तिचा सांगाडा हीच पृथ्वी!

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक मोटारसायकलींत मात्र धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. म्हणून अनोळखी जुन्या गाडीला हात लावण्यापूर्वी कोणते टोक सांगाड्याला गेले आहे, ते आधी पाहावे.

अर्ध्या ओहमपेक्षाही कमी

आता थोडे गणित करू या. पुढच्या दिव्याचा बल्ब ६० वॅटचा आणि बॅटरी १२ व्होल्टची धरू. ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर प्रवाह. गेओर्ग ओहम याने १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे बल्बचा रोध १२ भागिले ५, म्हणजे २.४ ओहम झाला.

समजा, परतीच्या वाटेवरच्या एका सांध्यात गंज शिरला आणि तिथे केवळ ०.४ ओहम रोध निर्माण झाला. एकूण रोध २.८ ओहम झाला. प्रवाह उरला सुमारे ४.३ अँपिअर. त्यातून गंजलेल्या सांध्यावर १.७ व्होल्ट खर्च झाले आणि बल्बच्या वाट्याला १०.३ व्होल्ट आले. तार थोडी कमी तापल्याने तिचा रोधही किंचित उतरतो, पण आपल्या हिशेबाला एवढे पुरे.

तुम्ही म्हणाल, व्होल्ट सातवा हिस्सा कमी झाले, प्रकाशही तेवढाच कमी होईल. तसे होत नाही. तापलेल्या तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टपेक्षा फार वेगाने उतरतो. १२ ऐवजी १०.३ व्होल्ट मिळाले, तर प्रकाश जवळजवळ ६० टक्क्यांवर येतो आणि पिवळा पडतो. गेलेली शक्ती गंजलेल्या सांध्याला तापवण्यात वाया जाते. ती सुमारे ७ वॅट होते.

मामाच्या गाडीतील सगळी लक्षणे आता उलगडतात. दिवा, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि हॉर्न यांच्या परतीच्या काळ्या तारा एकाच कडीला जोडून ती कडी सीटखाली एका बोल्टने सांगाड्याला आवळलेली आहे. आठवडी बाजारातून बाहेर पडायला एकच अरुंद बोळ असावा, तशी ही स्थिती. इंडिकेटर लागला की त्याचाही प्रवाह याच बोळातून जाऊ लागतो, सांध्यावर आणखी व्होल्ट खर्च होतात आणि पुढचा दिवा मंदावतो. इंडिकेटर विझला की तो सावरतो. सेल्फचा प्रवाह मात्र इंजिनातून जाड तारेने थेट बॅटरीकडे परततो. तो या बोळात शिरतच नाही. म्हणून सेल्फ ठणठणीत!

तेव्हा लक्षात ठेवा: अनेक गोष्टी एकदम बिघडल्या, तर त्या सर्वांना समान असलेली जागा आधी शोधावी.

सांधा का बिघडतो?

कडी तांब्याची, तिच्यावर कथलाचा पातळ मुलामा. सांगाडा लोखंडाचा. दोन निराळे धातू आणि त्यांच्यामध्ये मळलेले पाणी. ही तर घट तयार करण्याचीच कृती! १८०० साली व्होल्टाने निरनिराळ्या धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे रचून अशाच रीतीने वीज मिळवली होती. आपल्या सांध्यातील चिमुकल्या घटात लोखंड झिजते आणि त्याचा गंज होतो. गंज हा विजेचा वाईट वाहक आहे.

इंजिनाचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पण कठीण आणि दुर्वाहक थर चढतो. त्यात इंजिनाच्या हादऱ्याने बोल्ट सैल होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ बसते आणि पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते. कधी कधी तर दोष जन्मजातच असतो. सांगाड्याला रंग देताना बोल्टच्या जागीही रंग लागतो आणि कडी धातूला नीट टेकतच नाही.

चोर कसा पकडायचा?

पाहण्याच्या मुख्य जागा चार. पहिली, बॅटरीचे ऋण टोक. दुसरी, तिथून निघालेली जाड तार इंजिनाला किंवा सांगाड्याला जिथे आवळली आहे ती. तिसरी, सीटखाली किंवा पेट्रोलच्या टाकीखाली काळ्या तारा जिथे एकत्र येतात ती. चौथी, पुढच्या आणि मागच्या दिव्यांच्या मागची जोडणी. काही जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्याचा प्रवाह हँडलच्या बेअरिंगमधील गोळ्यांतून परत येई. तिथले ग्रीस आणि झीज यांमुळे हँडल वळवले की दिवा लुकलुके.

पण चारही जागा उगाच उघडत बसण्यापेक्षा मल्टिमीटरला विचारावे. पुष्कळ जण मीटर ओहमवर ठेवून तार तपासतात आणि फसतात. मीटर तारेतून अगदी क्षुल्लक प्रवाह सोडतो. तारेचे एकोणीस पदर तुटून एकच शिल्लक असला, तरी तेवढ्या प्रवाहाला तो पुरतो आणि मीटर ‘सर्व ठीक’ म्हणतो. पुलावरून पायी माणूस गेला म्हणून ट्रक जाईल असे नव्हे. म्हणून सांध्याची परीक्षा त्याच्यावर ओझे टाकूनच करावी.

मीटर एकदिश २० व्होल्टच्या खुणेवर ठेवा. पुढचा दिवा लावा. भारतात १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. काहींत तो इंजिन सुरू केल्याशिवाय लागतच नाही. अशी गाडी उघड्या अंगणातच तपासावी, कारण धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. मीटरची काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर टेकवा. लाल सुई दिव्याच्या परतीच्या तारेवर टेकवा. वाट स्वच्छ असेल, तर मीटर ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आतच दाखवील.

मामाच्या गाडीवर आकडा आला १.८. आता लाल सुई एकेक पायरी बॅटरीकडे सरकवा. सीटखालच्या कडीवर टेकवली: १.७. कडीशेजारी सांगाड्याच्या उघड्या धातूवर टेकवली: ०.०५! म्हणजे कडी आणि सांगाडा यांच्यामध्ये, बोटभर अंतरात, सगळे व्होल्ट हरवत आहेत. चोर सापडला.

दिवा विझवून हीच चाचणी केलीत, तर सगळीकडे शून्यच दिसेल. का बरे? प्रवाह शून्य, मग रोध कितीही असला तरी त्यांचा गुणाकार शून्यच. ओहमचा नियम इथे पुन्हा उपयोगी पडला.

मीटर नसेल, तर एक जाड तार घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे संशयित कडीला टेकवावे. दिवा लख्ख झाला, तर परतीची वाटच दोषी. ही तार चुकूनही धन टोकाला लागू देऊ नये.

साफसफाई

हे काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा. इंजिन थंड होऊ द्या. किल्ली काढा. सांगाड्याला जोडलेले बॅटरीचे टोक आधी सोडा. आजच्या गाड्यांत ते ऋण असते. आधी धन सोडायला गेलात आणि पाना सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ठिणगी धोक्याची.

बोल्ट सोडण्यापूर्वी तारांची मांडणी वहीत काढून ठेवा. कडीच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. सांगाड्यावरचा रंग आणि गंज कडी बसेल तेवढ्याच जागेत खरवडा. त्याहून जास्त खरवडलात, तर नवा गंज चढायला जागा मिळेल. कडीत शिरणारी तार हिरवी पडली असेल, तर ती मागे कापून नवी कडी दाबून बसवावी. बॅटरीच्या टोकावर पांढरी पूड असेल, तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करावे.

मग दातेरी वायसर घालून बोल्ट घट्ट आवळा. त्याचे दात धातूत रुततात आणि हादऱ्याने बोल्ट सैल होत नाही. आवळल्यानंतर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. व्हॅसलिन वीज वाहून नेत नाही. त्याचे काम पाणी अडवणे एवढेच. ॲल्युमिनियमवरचा सांधा असेल, तर घासल्याबरोबर लगेच जोडा, नाहीतर थर पुन्हा चढेल. बॅटरी जोडताना सोडलेले टोक शेवटी जोडा आणि तीच चाचणी पुन्हा करा. मामाच्या गाडीवर आता आकडा यायला हवा ०.१५ व्होल्टच्या आसपास.

नव्या गाड्यांत ही निगा अधिकच महत्त्वाची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोलचे प्रमाण छोटा संगणक ठरवू लागला. त्याला संवेदकांकडून मिळणारे निरोप बहुधा ५ व्होल्टच्या आतले असतात. परतीच्या वाटेवर अर्धा व्होल्ट जरी हरवला, तरी संगणकाला चुकीचा निरोप मिळू शकतो.

घरी करून पाहा

दोन सेल, विजेरीचा बल्ब, तारा, एक चकचकीत खिळा आणि एक गंजलेला खिळा घ्या. मंडलात प्रथम चकचकीत खिळा जोडून बल्ब लावा. मग त्या जागी गंजलेला खिळा ठेवून तारेची टोके गंजावर हलकेच टेकवा. गंज दाट असेल, तर बल्ब मंद होईल किंवा लागणारही नाही. आता पॉलिश पेपरने खिळ्यावर तार टेकण्यापुरत्याच दोन जागा घासा आणि पुन्हा टेकवा. बाकीचा खिळा गंजलेलाच आहे, तरीही बल्ब लागतो. असे का होते, ते वहीत लिहा.

आणि मामा पहाटे निघण्यापूर्वी दिवा लावून इंडिकेटर दाबायला सांगा. पुढचा उजेड आता स्थिर राहिला, तर खुशाल चिमूरच्या रस्त्याला लागायला हरकत नाही.