कोर्टात खरे बोलणारा तोट्यात का राहतो?

"कोर्टात जायचे तर खरेपणा घरी ठेवून जा," असे आमच्या कापड बाजारात सर्रास ऐकू येते. कायदा खरोखरच खोट्याला उत्तेजन देतो काय? हा प्रश्न व्यापाऱ्याच्या रोजच्या उधारीशी निगडित आहे, म्हणून तो कायद्याच्या कलमांवरच तपासून पाहू.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, मालेगावच्या एका व्यापाऱ्याने दोघांना प्रत्येकी चार लाखांचे ग्रे कापड ६० दिवसांच्या उधारीवर दिले. बाजार मंदावला आणि दोघांचेही पैसे थकले. पहिला वर्षअखेरीस येणे-बाकीच्या पत्रावर सही करतो. दुसरा फोनवर "पाठवतो, पाठवतो" म्हणतो, पण कागदावर एक अक्षर लिहून देत नाही.

कबुलीची किंमत

१९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा येण्यासाठी उधारीचा वायदा संपल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. कलम १८ सांगते की, देणेकऱ्याने त्या मुदतीत सहीनिशी देणे कबूल केले तर तेथून नवी ३ वर्षे मोजायची. म्हणजे पहिल्याने इमानदारीने सही केली आणि आपल्यावरील दाव्याची मुदत स्वतःच वाढवली. दुसरा गप्प राहिला. ३ वर्षे टळली की त्याच्यावर दावा चालत नाही.

दावा लागल्यावरही तसेच. लेखी जबाबात देणे मान्य केले तर दिवाणी संहितेच्या आदेश १२, नियम ६ प्रमाणे कोर्ट त्या कबुलीवरच हुकूमनामा देऊ शकते. उलट "मालात खोट होती", "माल पोहोचलाच नाही" असे म्हणणाऱ्याला साक्षी, उलटतपासणी आणि तारखांमागून तारखा मिळतात. तेवढा काळ दुसऱ्याचे पैसे त्याच्या धंद्यात फिरत राहतात.

मग खोट्याला शिक्षा नाही काय? आहे. न्यायालयात खोटी साक्ष देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेतही ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. परंतु तिची फिर्याद आपण थेट करू शकत नाही. ती कोर्टानेच करावी लागते. मूळ खटल्यांच्या ढिगाखाली दबलेले कोर्ट हा दुसरा खटला क्वचितच उभा करते. खोट्या दाव्याबद्दल किंवा खोट्या बचावाबद्दल भरपाई देण्याचे कलम ३५-अ दिवाणी संहितेत आहे, पण सर्वसाधारण दाव्यांत त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये! चार लाख अडकवणाऱ्याला तीन हजारांचे काय भय?

नाण्याची दुसरी बाजू

तरीही कायद्याला दोष देण्यापूर्वी थोडे थांबावे. मुदतीची अट लबाडांसाठी केलेली नाही. पैसे चुकते केले, पावती हरवली, साक्षीदार वारला. अशा माणसावर पंधरा वर्षांनी दावा लागला तर त्याने काय करावे? त्या इमानदार माणसाचे रक्षण हीच अट करते. शिवाय मुदत संपली म्हणून कर्ज बुडत नाही, फक्त कोर्टाचा दरवाजा बंद होतो. १८७२ च्या करार कायद्यातील कलम २५(३) प्रमाणे मुदतबाह्य देणे फेडण्याचे सहीनिशी वचन दिले तर तो पक्का करार होतो. देणे कबूल करून हप्ते मागणाऱ्याला कोर्ट हप्तेही बांधून देऊ शकते.

आमच्या मते कायदा खोटे बोलायला शिकवत नाही, मात्र त्याने खोटे फार स्वस्त ठेवले आहे. जेथे ते महाग केले, तेथे फरक पडतो. १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणे हा कलम १३८ खाली गुन्हा झाला. चेक देण्यापोटीच दिला असे कोर्ट गृहीत धरते. तसे नव्हते हे देणाऱ्याने दाखवायचे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आरोप नाकारणाऱ्याला रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम होऊ शकतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक चांगली रीत घातली: सुरुवातीलाच तडजोड करणाऱ्यावर खर्च नाही, जो जितका लांबवेल त्याच्यावर तितका जास्त खर्च. पुढे दर बदलले, तत्त्व तेच राहिले.

२०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यानेही हीच दिशा धरली. २०१८ पासून ३ लाख व त्यावरील व्यापारी वाद या कायद्याखाली येतात. तेथे सत्यतेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, कागदपत्रे आधीच उघड करावी लागतात, नुसते "नाकबूल" चालत नाही, कारण सांगावे लागते. ३,००० ची मर्यादाही तेथे नाही.

व्यापाऱ्याने काय करावे?

१. खातेवहीतील नोंद पुरावा म्हणून चालते, पण केवळ तिच्यावर देणे शाबीत होत नाही. म्हणून बिल, सहीचे चलन आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी एकत्र जपावी.

२. दरवर्षी येणे-बाकीच्या पत्रावर तारखेसह सही घ्यावी, आणि आपल्याकडे मागितली तर आपणही विनातक्रार द्यावी.

३. जीएसटीमध्ये खरेदीदाराने आपल्या बिलावर कराची वजावट घेतली आहे काय ते पाहावे. माल मिळाल्याशिवाय ती घेता येत नाही. कर खात्यापुढे "मिळाला" आणि कोर्टापुढे "मिळाला नाही" असे दोन्हीकडे बोलणाऱ्याला पकडणे त्यामुळे सोपे जाते.

४. चेक परत आला तर बँकेची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळूनही १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद करावी.

सूरह बकरामध्ये (आयत २८२) मुदतीचे देणे लिहून ठेवण्याची व साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे, हे आपण सर्व जाणतो. तरी जबानी व्यवहाराला आपण विश्वास म्हणतो आणि कागद मागणाऱ्याला संशयी ठरवतो. वास्तविक लिहिलेला कागद दोघांचेही रक्षण करतो: देणाऱ्याचे पैसे वाचतात आणि घेणाऱ्याला पुढे मोहात पडण्याची संधीच राहत नाही. जेथे कागद चोख असतो तेथे कोर्टात खोटे बोलायला जागा उरत नाही, आणि बहुतेक वेळा कोर्टात जाण्याचीही गरज पडत नाही.