घरच्या शेडमधला हवेचा कॉम्प्रेसर : बसवणी आणि निगा



आपल्या भागातली कितीतरी मुले नोकरीसाठी औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) गेली. त्यातली बरीच मुकुंदवाडीत राहिली, कारण चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत तिथून हाकेच्या अंतरावर आहे. कंपनीतली पाळी संपली की घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चर, सर्व्हिसिंग, रंगकाम असा जोडधंदा करणारेही त्यात आहेत. इकडे गावी आपल्याला ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरांसाठी हवा लागतेच. कॉम्प्रेसर आणायला एक दिवस पुरतो, तो सांभाळायचा मात्र रोज असतो. म्हणून या अंकात आपण त्याचा नीट अभ्यास करू.

टाकीत काय भरलेले असते?

१०० लिटरच्या टाकीत ७ किलो दाब भरला, म्हणजे बाहेरची सुमारे ७०० लिटर जादा हवा आपण तिच्यात कोंबली. ७ किलो म्हणजे पौंडाच्या मापात १००. हा रेटा दर चौरस सेंटिमीटरवर असतो. हाताच्या पंजाएवढी, साधारण १०० चौरस सेंटिमीटर जागा धरली तर तेवढ्यावरच ७ क्विंटलचा भार झाला. पत्रा जाड आहे तोवर तो हे सोसतो. आतून गंजून पातळ झाला की एखाद्या दिवशी फाटतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

गंज येतो कुठून?

हवेतल्या ओलीतून. पावसाळ्यात ३० अंश तापमानाला आणि ८० टक्के दमटपणाला एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. बाहेरचा दाब धरून ती हवा आठपट दाबली आणि थंड झाली, की त्यातले वीसेक ग्रॅम पाणी सुटे होते. मिनिटाला ४ घनफूट हवा देणारे मशीन तासभर चालले तर जवळजवळ ७ घनमीटर हवा खेचते. म्हणजे दिवसाला १४० ग्रॅम आणि महिन्याला चार लिटर पाणी! त्यातले थोडे हवेबरोबर पाइपात जाते, बाकीचे टाकीच्या बुडाशी साचते.

साखर कारखान्यातही ओल्या हवेचे असेच वावडे असते. गंधकाच्या भट्टीला जाणारी हवा कळीच्या चुन्यावरून नेऊन कोरडी करतात, नाहीतर आम्ल तयार होऊन नळ खाल्ले जातात. घरी चुना नको. टाकीच्या बुडाचा कॉक रोज संध्याकाळी, थोडा दाब असताना, हळूच उघडावा. पाणी संपून कोरडी हवा आली की बंद करावा. एवढे एक काम केले तरी निम्मी निगा झाली.

बसवताना

१. जागा सपाट आणि कोरडी हवी. पायाखाली रबरी पट्ट्या घालाव्यात. पाय बोल्टने करकचून आवळू नयेत, कारण हादऱ्याने पायाजवळच्या वेल्डिंगला तडा जातो.

२. चाकाची बाजू भिंतीकडे ठेवावी, पण मध्ये निदान दीड फूट अंतर सोडावे. चाकाचे आरे हेडवर वारा घालतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यात पत्र्याचे शेड तापते, मग हेडला वारा मिळालाच पाहिजे. पट्ट्यावर जाळी हवीच.

३. मशीन रंगाच्या फवाऱ्यापासून आणि पेट्रोलच्या डब्यांपासून लांब ठेवावे. प्रेशर स्विचमध्ये ठिणगी पडते.

४. मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग घ्यावे. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरवर दाब पडून मोटर नुसती गुणगुणते आणि जळते. लांबी वाढवायचीच तर वायरची नको, हवेच्या नळीची वाढवा. धंदा करणार असाल तर घरगुती मीटरवर चालवू नका, महावितरणकडून रीतसर जोडणी घ्या.

५. हवेच्या लाइनीला पीव्हीसी पाइप अजिबात वापरू नये. पाण्याला तो चालतो, पण हवेने फुटला तर त्याचे तुकडे सुरीसारखे उडतात. जीआय पाइप घ्यावा, त्याला थोडा उतार द्यावा आणि फाटा पाइपाच्या वरच्या अंगाने काढावा, म्हणजे पाणी त्यात उतरत नाही.

निगेचे वेळापत्रक

रोज : पाणी काढणे आणि काचेतून ऑइलची पातळी पाहणे.

आठवड्याला : हवेचा फिल्टर झटकणे. जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणे.

महिन्याला : सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का ते पाहणे. पट्टा मधोमध दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा.

ऑइल : कॉम्प्रेसरचेच वापरावे, गाडीचे उरलेसुरले नको. नव्या मशीनचे पहिले ऑइल लवकर बदलतात. नंतरची मुदत मशीनच्या पुस्तकात दिलेली असते, ती पाळावी.

आजार ओळखा

मशीन थांबताना 'फुस्स' असा आवाज येऊन बंद झाला तर सारे ठीक. तो आवाज येतच राहिला तर टाकीच्या तोंडाचा एकदिशा व्हॉल्व्ह धरत नाही असे समजावे. टाकी पूर्ण रिकामी करूनच तो खोलावा. आवाज आलाच नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाखाली सुरू होईल आणि अडेल.

नवीन असताना रिकामी टाकी भरायला किती मिनिटे लागतात ते वहीत लिहून ठेवा. वर सांगितलेल्या मापाला सहा-सात मिनिटे येतात. तीच वेळ नऊ-दहावर गेली तर फिल्टर चोंदला आहे, हेडच्या पट्ट्यांवर काजळी धरली आहे किंवा कुठेतरी गळती आहे.

या गोष्टी मुळीच करू नका

गळणाऱ्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावू नका. ती टाकी संपली असे समजा. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच ठोकू नका, नवा बसवा. जुनी टाकी घेताना पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या, हवेच्या नव्हे. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी नुसती गळते.

हवेने कपडे, केस, अंग झटकू नका. अमेरिकेत साफसफाईच्या हवेलाही ३० पौंडाची मर्यादा कायद्याने घातली आहे, आपल्या नळीत १०० असतात. थट्टेत नळी अंगाला लावल्याने माणसे दगावली आहेत. शेडमध्ये पोरेबाळे फिरतात, तेव्हा काम संपले की मेन स्विच बंद करून टाकी रिकामी करावी.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३१ व्या कलमाने दाबाच्या यंत्रांबाबत कारखान्यांवर जबाबदारी टाकली होती. घरच्या शेडमध्ये मात्र तपासनीस येत नाही. तिथे तपासनीस आपणच. हे पान मुकुंदवाडीच्या आपल्या पोरांनाही पाठवा, आणि हंगामाची पहिली ट्रॉली निघण्याआधी घरच्या टाकीचा कॉक एकदा उघडून पाहा. पाणी तांबडे आले तर टाकी आतून गंजू लागली आहे. अशी टाकी चाचणी झाल्याशिवाय पुन्हा भरू नका.