‘भारी’ गोळीचा भ्रम

दसरा उलटून ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे दिवस आले, की बीड जिल्ह्यातील आमच्यासारख्या डॉक्टरांकडे एक मागणी हटकून होते : ‘डॉक्टरसाहेब, सहा महिने मुलखाबाहेर काढायचेत, थंडीतापाला एखादी भारी गोळी लिहून द्या.’ ही भारी गोळी म्हणजे बहुधा सेफिक्झिम. अमॉक्सिसिलीन सुचवावे तर ‘ती हलकी, आता लागू पडत नाही’ असा शेरा मिळतो. आणि पेनिसिलीन तर जुन्या जमान्यातले म्हणून निकालातच निघालेले असते.

वाचकहो, औषधात हलके-भारी असे काही नसते. रोगाला लागू आणि गैरलागू एवढाच भेद असतो. पेनिसिलीन (अमॉक्सिसिलीन त्यातलेच) आणि सेफॅलोस्पोरिन (सेफिक्झिम त्यातली) ही एकाच कुळातील औषधे असून, जिवाणूच्या पेशीभोवतीच्या कठीण कवचाचे धागे एकमेकांत गुंफणारी यंत्रणा ती बंद पाडतात, त्यामुळे कवच कमकुवत होऊन आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला असे कवच नाही, म्हणून ही औषधे आपल्याला बहुधा निर्धोक. पण विषाणूलाही ते नाही, म्हणून सर्दी-पडसे, फ्लू वा डेंग्यू यांत ती सर्वस्वी निरुपयोगी. सेफिक्झिम विषमज्वरात उपकारक आहे खरे, परंतु गळवे उठविणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर तिचा प्रभाव जवळजवळ नाही. याउलट घसा सुजविणारा स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात 1955 साली पेनिसिलीन तयार होऊ लागले तेव्हा जसा त्याला शरण जात होता, तसाच आजही जातो.

वडवणी तालुक्यातील एका ऊसतोड दांपत्याची अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा उजवा गुडघा सुजून लाल झाला होता आणि आदल्या आठवड्यात तसाच घोटा सुजून बसला होता. चौकशीअंती हकीकत कळली : तीन आठवड्यांपूर्वी फडावरच्या कोपीत तिचा घसा धरला, ताप चढला, मुकादमाजवळच्या पाकिटातील गोळ्या दोन दिवस दिल्या, ताप उतरला, आणि उरलेल्या गोळ्या बापाच्या पडशासाठी जपून ठेवल्या गेल्या. अशा घशाला अमॉक्सिसिलीन दहा दिवस द्यावे लागते, आणि ते नवव्या दिवसापर्यंत सुरू झाले तरी घशापाठोपाठ सांधे आणि हृदय यांना ग्रासणारा संधिवाताचा ताप बहुतेक टळतो. इथे तो टळला नव्हता. स्टेथोस्कोप लावला, तेव्हा हृदयाच्या झडपेचा बिघडलेला आवाज स्पष्ट ऐकू आला. आता तिला दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यायचे आहे : तेच, जे हलके आणि जुनाट ठरले होते.

मला संताप येतो तो आईबापांचा नव्हे. पदवीवाचून सुई टोचणाऱ्यांचा येतो, आणि चिठ्ठी न पाहता पट्टी काढून देणाऱ्या दुकानदारांचाही. सेफिक्झिम औषधांच्या एच-वन परिशिष्टात आहे. चिठ्ठीवाचून ती विकता येत नाही, आणि विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहिणे बंधनकारक आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘तीन दिवसांत घसा साफ’ छापाच्या नुसख्यांना तर कोणतेच दप्तर नाही.

अमॉक्सिसिलीनची रक्तातील मात्रा तासाभरात निम्मी होते. म्हणून सकाळी दोन गोळ्या एकदम गिळून संध्याकाळची चुकविणे व्यर्थ आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा पाळाव्यात.

घाबरून जाऊ नका; प्रत्येक घसादुखी अशी नसते, आणि खोकला-शिंका असतील तर बहुधा ती विषाणूचीच असते. पण गिळताना तीव्र वेदना, मानेत दुखऱ्या गाठी आणि ताप असेल, अथवा घसा बरा झाल्यावर दोन-चार आठवड्यांत एकामागून एक सांधे सुजू लागले, धाप लागू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे ही खरी ॲलर्जी. तिथे क्षणाचाही विलंब नको. नुसते पोट बिघडले म्हणून ‘पेनिसिलीन चालत नाही’ असा शिक्का मात्र जन्मभर कपाळी मारून घेऊ नका.

ज्यांच्या मुलांना 21 दिवसांचे इंजेक्शन चालू आहे, त्यांनी तारखांचे कार्ड गाडीत बसण्यापूर्वी सोबत घ्यावे, आणि कारखाना सांगलीचा असो वा कोल्हापूरचा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवून पुढली तारीख चुकू देऊ नये.