कोकमाचं गरम सार : स्वयंपाकघरात शिकवता येणारा आम्लाचा धडा

इयत्ता : सहावी ते आठवी
विषय : सामान्य विज्ञान (आम्ल, आम्लारी, दर्शक, द्रावण)
वेळ : शाळेत दोन तासिका, घरी एक संध्याकाळ



मुलं हल्ली मोबाईलवर परदेशी स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहतात. थंडीच्या दिवसांत सफरचंदाचा रस दालचिनी-लवंग घालून मंद आचेवर गरम करायचा आणि कपातून प्यायचा, हा 'ॲपल सायडर' त्यांना ठाऊक झालाय. वर्गात प्रश्न आला, "बाई, आपल्याकडे असा कायच करनत नाय काय?"

करतात की! सफरचंदाच्या झाडाला कडाक्याची थंडी लागते, ती मालवणच्या किनाऱ्यावर कुठून आणणार? पण आंबट फळ, गरम पाणी आणि मसाला हा मेळ आपल्या घरोघरी आहे. त्याचं नाव कोकमाचं सार. (पालकांनी विचारलं म्हणून सांगते : अमेरिकेत सायडर म्हणजे बहुधा न गाळलेला साधा रस, इंग्लंडमध्ये मात्र तोच शब्द आंबवलेल्या, नशा आणणाऱ्या पेयाला वापरतात. मुलांनी व्हिडिओ शोधताना हे लक्षात असू द्यावं.)

आम्लाचा पाठ आपण लिटमस आणि लिंबावर उरकतो. 'आम्ल निळा लिटमस तांबडा करते' हे वाक्य मुलं घडाघडा म्हणतात. पण आमसुलाचं पाणी कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आजी का ठेवू देत नाही, हे त्यांना सांगता येत नाही. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच धड्यातल्या आहेत. म्हणून हा पाठ सारापासून सुरू करावा असं मला वाटतं.

आधी शब्द. झाडावरचं फळ म्हणजे रातांबा किंवा भिरंड. त्याची वाळवलेली साल म्हणजे सोल किंवा आमसूल. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. नारळाचा रस न घालता केलेली पातळ कढी म्हणजे तिवळ. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि 'कोकण अमृता' व 'कोकण हातीस' या त्याच्या जाती दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिल्या आहेत. परसातल्या झाडाबद्दल एवढं तरी मुलांना माहीत हवं.

आता कृती, चार माणसांसाठी. आठ-दहा आमसुलं धुऊन दोन कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. मग हाताने कुस्करून पाणी गाळून घ्या. त्यात आणखी दोन कप पाणी, दोन चमचे चिरलेला गूळ आणि आल्याचा ठेचलेला तुकडा घालून स्टीलच्या पातेल्यात गरम करा. एक उकळी आली की गॅस बंद. मीठ शेवटी, तेही चव पाहून, कारण आमसुलाला आधीच मीठ लावलेलं असतं. दुसऱ्या गॅसवर चमचाभर तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता आणि एखादी मिरची यांची फोडणी करून वरून ओता. भाताबरोबर घ्यायचं ते हे सार. कपातून प्यायचं असेल तर फोडणी न देता दालचिनीचा एक तुकडा, दोन लवंगा आणि चार ठेचलेल्या मिऱ्या पाण्याबरोबरच उकळा. हे दुसरं रूप पारंपरिक ताटातलं नाही, पण पावसाळी संध्याकाळी मुलं आवडीने पितात. शिवाय दालचिनी आणि मिरी आपल्याकडच्या नारळ-पोफळीच्या बागांत होतात, त्यामुळे परकं काही वाटत नाही.

गॅसजवळचं काम मोठ्यांनीच करावं. मोजणं, भिजवणं, कुस्करणं, गाळणं आणि वहीत लिहिणं मात्र पूर्णपणे मुलांवर सोपवा. घरी 'अंदाजान घाल' असं सांगण्याची सवय असते. या एका दिवशी अंदाज वाटीने आणि चमच्याने मोजून लिहून ठेवायचा. आजीच्या हातातलं प्रमाण तेवढ्यानेच कागदावर उतरतं.

वर्गातला प्रयोग असा. तीन सारखे पेले, प्रत्येकात अर्धा कप पाणी : एकात माठातलं, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात हाताला चांगलं गरम लागणारं (उकळतं नको, काच तडकते). प्रत्येकात तीन आमसुलं घालायची आणि दहा मिनिटं थांबायचं. मागे पांढरा कागद धरून रंग पाहायचा. गरम पाणी सगळ्यात आधी लाल होतं. "पाणी तांबडा झाला!" हा आरडाओरडा ओसरला की खरा प्रश्न विचारा : आपण काय बदललं आणि काय तसंच ठेवलं? आमच्या वर्गात एकाने हरकत घेतली की तिसऱ्या पेल्यातली आमसुलं मोठी होती, म्हणून रंग जास्त आला. हरकत रास्त होती. मग मुलांनी आमसुलं तराजूवर तोलून प्रयोग पुन्हा केला. वैज्ञानिक पद्धत म्हणजे काय ते यापेक्षा सोपं करून मला तरी सांगता येणार नाही.

दुसरा भाग रंगाचा. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांमुळे येतो. गाळलेल्या पाण्याचे दोन भाग करून एकात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा टाका. आधी फसफसतं : आम्ल आणि सोडा यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. मग लाल रंग जाऊन जांभळट, निळसर छटा येते. सोडा जास्त झाला तर हिरवट-काळपट. लिटमस विकत न आणता दर्शक तयार झाला. हा पेला प्यायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा. सार फार वेळ खळखळ उकळलं तर ते तपकिरी का दिसतं, याचंही उत्तर इथेच आहे : सतत उष्णता मिळाली की ही रंगद्रव्यं मोडतात.

आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. तुलनेसाठी फळ्यावर लिहा : सफरचंदात मॅलिक, चिंचेत टार्टारिक, लिंबात सिट्रिक, दह्यात लॅक्टिक. पितळ आणि तांब्यावर आम्लाची क्रिया होते, म्हणून कल्हई, म्हणजे कथलाचा थर. ॲल्युमिनियमचं पातेलंही टाळावं. सोलकढी उकळत नाहीत त्याचं कारणही आम्लच : आम्ल आणि उष्णता एकत्र आली की नारळाच्या दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि दूध फाटतं. फोडणीत तूप का? हिंग-जिऱ्याचा वास पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगला उतरतो. तूप वर तरंगतं, ते पाण्यात विरघळत नाही, हेही मुलांना दिसतं.

एक सावधगिरी. याच आम्लाच्या नावाने वजन घटवण्याच्या गोळ्यांच्या जाहिराती येतात. त्या वर्गात आणू नयेत. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, तो घरगुती उपाय म्हणून नोंदवावा, पण सिद्ध झालेला औषधोपचार म्हणून शिकवू नये.

आता आमसुलाकडे. सोलं म्हणजे नुसत्या वाळवलेल्या साली नव्हेत. साल फळाच्याच खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, असं बरेच दिवस चालतं. मीठ पाणी ओढून घेतं आणि बुरशीला थोपवतं. हे सगळं एप्रिल-मेच्या उन्हावर अवलंबून असतं. एरवी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो; 2025 साली मान्सून 25 मे रोजीच देवगडपर्यंत येऊन पोहोचला. रातांबे झाडावर पिकलेले आणि वर ऊन नाही, अशा वेळी घरच्या बाईने काय करायचं?

हा प्रश्न मेच्या सुट्टीत मुलांना द्यावा. घरात किंवा शेजारी विचारून लिहायचं : यंदा सोलं किती वेळा रसात बुडवली, किती दिवस वाळली, अंगणात की पत्र्यावर, पाऊस आल्यावर कुठे हलवली, किती फुकट गेली. बिया टाकल्या की ठेवल्या, तेही लिहायचं, कारण त्यांतूनच कोकमाचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, निघतं आणि ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. शाळा उघडली की या नोंदी तक्त्यात मांडता येतात. सौर वाळवणी यंत्राचा पाठ मी त्या तक्त्यावरूनच सुरू करते.