जयपूरचे ‘रेखागणित’ आणि प्रचंड मूळ संख्या

जयपूरची वेधशाळा पाहावयास जाणाऱ्याच्या दृष्टीत प्रथम भरते ते तेथील भव्य सम्राट यंत्र. ही वेधशाळा उभारणाऱ्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाने आणखी एक मोठे कार्य सिद्धीस गेले; मात्र ते दगडाचे नसून शब्दांचे होते. मूळचा महाराष्ट्रीय मानला जाणारा पंडित जगन्नाथ सम्राट याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युक्लिडचा ग्रंथ नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून संस्कृतात आणला. त्याचे नाव ‘रेखागणित’. नाव असे असले तरी त्यातील सातवा, आठवा व नववा हे अध्याय संख्यांविषयी आहेत.

१ हून मोठ्या ज्या संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज अन्य भाजक नसतो, ती मूळ संख्या होय. अशा संख्या कोठे तरी संपतात काय? नवव्या अध्यायात याचे उत्तर आहे. समजा, २, ३, ५, ७, ११ व १३ एवढ्याच मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार ३०,०३०; त्यात १ मिळविल्यास ३०,०३१. या संख्येस वरीलपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरते. म्हणून तिचा प्रत्येक मूळ भाजक यादीबाहेरचाच असला पाहिजे. ३०,०३१ ही स्वतः मूळ संख्या आहे, असा समज विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये. ती ५९ व ५०९ यांचा गुणाकार आहे. परंतु या दोन्ही संख्या यादीत नव्हत्या, आणि सिद्धतेस तेवढे पुरते. यादी कितीही लांबविली तरी हीच युक्ती लागू पडते. म्हणून मूळ संख्या अनंत आहेत.

त्याच अध्यायात परिपूर्ण संख्यांचा नियम येतो. २ च्या ३ ऱ्या घातातून १ वजा केल्यास ७ ही मूळ संख्या मिळते. तिला २ च्या २ ऱ्या घाताने गुणल्यास २८ येतात. आणि २८ चे स्वतःहून लहान भाजक १, २, ४, ७ व १४ यांची बेरीजही २८ च होते. मात्र असा घातांक मूळ असला म्हणजे काम झाले असे नाही. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यास २,०४७, म्हणजे २३ × ८९, येतात. मेर्सेनने १६४४ साली दिलेल्या यादीत ६७ हा घातांक होता. ती संख्या मूळ नाही हे ल्यूकाने १८७६ मध्ये दाखविले आणि १९०३ मध्ये कोलने तिचे भाजक सांगितले : १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७.

याउलट, ३१ या घातांकाची २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ साली कळविले. भाजक शोधावयाचा तो तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच. शिवाय २४८ ने भागता १ किंवा ६३ बाकी उरेल असाच मूळ भाजक तिला असू शकतो. त्यामुळे ६३ ही संयुक्त संख्या वगळता केवळ ३७२ संख्या तपासावयाच्या उरतात. विचाराने श्रम किती वाचतात, हे यावरून कळेल.

२०२४ च्या ऑक्टोबरात संगणकांच्या साहाय्याने १३,६२,७९,८४१ या घातांकाची मूळ संख्या सापडली. तोवर ज्ञात असलेल्या सर्व मूळ संख्यांहून ती मोठी असून तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे मात्र अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. पण या प्रचंड संख्येपलीकडेही आणखी मूळ संख्या आहेत, याची निःसंशय ग्वाही जगन्नाथाने संस्कृतात उतरविलेली ती छोटीशी सिद्धता देते.