कोरड्या रस्त्यावर गाडी घसरते? काय करावे, काय टाळावे

सेलू आणि परिसरातील कारचालकांसाठी

काय करावे

- गाडी जिथे घसरली तो रस्ता आधी उतरून बघा. डांबरावर सोयाबीनचे दाणे, भुसकट, कच किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती असेल तर दोष गाडीचा नाही.
- मग स्वच्छ, सरळ, रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून बघा. तिथेही घसरली तरच गाडी दाखवायला न्या.
- हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. देवगाव फाट्याहून भर उन्हात आलेल्या गाडीचा आकडा वाढलेलाच दिसणार.
- हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर वाचा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.
- गाडी माणसांनी आणि सामानाने भरून निघणार असाल तर स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा घ्या.
- नक्षीची खोली बघा. कारच्या टायरला कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, आणि खाचेतल्या उंचवट्याला नक्षी टेकली की टायर संपला.
- झीज कुठे आहे ते हात फिरवून ओळखा: मधोमध असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी, एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट बिघडलेली.
- टायर जागोजागी खोलगट झिजला असेल तर शॉकअप तपासून घ्या. चाक उड्या मारते तेवढा वेळ पकड नसते.
- टायरच्या कडेवर शेवटी असलेले चार आकडे वाचा; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.
- टायर पाच-सहा वर्षांचा झाला की दर वर्षी दाखवून घ्या. आपल्याकडच्या उन्हात नक्षी शिल्लक असूनही रबर कडक होते आणि बारीक भेगा पडतात.
- चाकाची आतली बाजू बॅटरीच्या उजेडात बघा; काळे ग्रीस उडालेले दिसले तर एक्सलचा बूट फाटलेला आहे, आठवड्याच्या आत बदला.
- तिथेच पातळ, तेलकट ओल दिसली तर गाडी जागेवरच उभी ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. ते ब्रेक ऑइल असू शकते.
- इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही आणि टायरही वाजत नाही, असे असेल तर क्लच तपासा. हे घसरणे चाकाचे नाही, आणि या गोंधळात लोक चांगले टायर बदलून बसतात.
- गाडी चालवून आल्यावर प्रत्येक रिमजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एकच चाक जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे.
- घसरताना ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे असे समजा. सतत पेटून राहिला आणि यंत्रणा बटणाने बंद केलेली नसेल तर बिघाड दाखवून घ्या.
- शेतातून आल्यावर एबीएसचा दिवा लागला तर चाकाजवळचा सेन्सर आधी पाण्याने धुवा. काळी माती तिथे चिकटून बसते.
- टायर जोडीने बदला आणि नवी जोडी मागे लावा. मागची चाके सुटली की गाडी गिरकी घेते.
- नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. वरचा गुळगुळीत थर निघायचा असतो.
- बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी रिकामी असेल तर वळणावर ॲक्सिलरेटर हळू द्या. मागे वजनच नसते.
- एप्रिल-मेच्या दुपारी चकाकणारे, पाझरलेले डांबर दिसले की वळणाच्या आधीच वेग उतरवा.
- गाडी घसरलीच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचला आणि जिकडे जायचे तिकडेच नजर आणि स्टिअरिंग ठेवा.
- जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढण्याआधी चारही टायरच्या कडा फुगे आणि भेगांसाठी तपासा; ताशी १२० किलोमीटरची मुभा चांगल्या टायरसाठीच आहे.

काय टाळावे

- तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते.
- "उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा" हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो.
- गोटा झालेला टायर "कोरड्या रस्त्यावर चालतो" म्हणून ठेवू नका. तो पातळ झालेला असतो आणि पुढच्या खड्ड्यात फुटू शकतो.
- पुढच्या किंवा मागच्या जोडीत दोन वेगळ्या मापांचे किंवा नक्षीचे टायर घालू नका.
- कारला रिमोल्ड टायर लावू नका, पुढे तर नकोच.
- टायर चमकवायचे पॉलिश नक्षीवर लावू नका. ते कडेपुरतेच असते.
- बुश आणि बॉल जॉइंट ढिले असताना अलाइनमेंट करून घेऊ नका. पैसे जातात, गाडी तशीच ओढते.
- दिवा विझावा म्हणून एबीएसचा फ्यूज काढू देऊ नका.
- एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक मारून-सोडून दाबू नका. दाबून धरा, पायाखालची थरथर ही यंत्रणेचीच असते.
- घसरत्या गाडीचा हँडब्रेक ओढू नका.
- दाणे, कच किंवा माती पसरलेल्या पट्ट्यावर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगही वळवू नका. वेग त्याआधीच कमी झालेला हवा.
- लहान मापाची स्टेपनी लावून लांबच्या प्रवासाला निघू नका. पंक्चर काढा आणि मूळ चाक परत बसवा.
- पकड तपासायला मोंढ्याच्या किंवा शाळेच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघू नका.
- सोयाबीन, ज्वारी डांबरी रस्त्यावर वाळत घालू नका, आणि वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती रस्त्यावर तशीच सोडू नका, फावड्याने लगेच बाजूला करा. त्यावर कारच्या आधी दुचाकीवाला पडतो.