लाकूडकामाचा रंग : तेलाचा की पाण्याचा?

चंडीगडच्या पहिल्या टप्प्यात वसलेल्या सेक्टर ३० मधील एखादे जुने घर घ्यावे. मे-जूनच्या कोरड्या उष्म्यात तेथील दारे-चौकटी आकसतात, तर पावसाळ्यात फुगतात. लाकडाची ही हालचाल लक्षात घेऊनच रंग निवडावा.

तेलाचा रंग हवेतील प्राणवायू शोषून कठीण होतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत व टणक असतो. परंतु कालांतराने तो ठिसूळ होऊन चिरतो आणि पांढरा रंग पिवळसर पडतो. टर्पेंटाइनचा वासही रेंगाळतो.

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक इनॅमल काही तासांत वाळते, लवचिक राहते व पिवळे पडत नाही. मात्र पूर्ण घट्ट होण्यास त्याला काही दिवस लागतात. तोवर दार बंद ठेवल्यास ते चौकटीला चिकटते.

जुना थर ओळखण्यासाठी त्यावर स्पिरिटचा बोळा घासावा. रंग न सुटल्यास तो बहुधा तेलाचा असतो. अशा थरावर घासकाम व योग्य प्रायमर यांवाचून पाण्याचा रंग टिकत नाही.

येथेच खरा धोका संभवतो. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. त्यापूर्वीच्या थरांत अधिक शिसे असू शकते आणि त्याची धूळ बालकांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून कोरडे घासणे टाळावे, पृष्ठभाग ओला करूनच घासावा आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे.

राहत्या घरासाठी पाण्याचा रंग सोयीचा. रंगापूर्वीची ही दक्षता मात्र दोन्हींसाठी अनिवार्य होय.